दोन भिंगे आणि एक कातळशिल्प

गेल्या जानेवारीत मी जांभरुणच्या सड्यावरून एका कोरीव मनुष्याकृतीचे छायाचित्र काढून आणले. इतिहासाच्या सरांनी ते पाहून विचारले, "याचे डोके एवढे मोठे आणि पाय एवढेसे कसे?" मूळ आकृती तशी नव्हती. मी दोष लेन्सला दिला आणि महाग लेन्स घ्यायचीच, असे ठरवून टाकले. तो समज कसा उतरला, ते येथे सांगतो.

माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर फुजीफिल्मची १६ मिलिमीटर, एफ २.८ ही लेन्स आहे. तिचे वजन १५५ ग्रॅम. ती २०१९ साली ३९९ डॉलरला बाजारात आली. मित्राचा दादा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे त्याच कंपनीची १६ मिलिमीटर, एफ १.४ आहे. तिचे वजन ३७५ ग्रॅम. २०१५ सालची तिची किंमत ९९९ डॉलर. दोन्ही प्राइम, म्हणजे नाभीय अंतर न बदलणाऱ्या. दादाने आपली लेन्स दोन दिवसांसाठी दिली.

नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की 'एफ'चा आकडा मिळतो. म्हणजे दादाच्या लेन्सचे छिद्र सुमारे ११.४ मिलिमीटर, माझ्या लेन्सचे ५.७. व्यास दुप्पट, म्हणून प्रकाश चौपट. संध्याकाळी मित्राच्या माजघरात आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्या लेन्सला १/१५ सेकंद लागला आणि त्यांची बोटे पुसट आली. दादाच्या लेन्सला १/६० सेकंद पुरला आणि बोटे स्पष्ट आली. मांडवात वावरणाऱ्याने जास्त पैसे का मोजावेत, ते तेथे कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सड्यावर गेलो. कॅमेरा तिपाईवर, दोन्ही लेन्स एफ ८ वर. दीड-पावणेदोन मीटरवर फोकस केला की सुमारे ८० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, पण फरक शोधून सापडेना. हलक्या लेन्समध्ये कडेच्या सरळ रेषा मुळात अधिक फुगतात. पण कॅमेरा गणित करून त्या सरळ करतो.

आणि ते मोठे डोके? दादाच्या लेन्समध्येही ते तसेच आले! पहिल्या खेपेस मी डोक्याच्या बाजूला उभा राहून कॅमेरा तिरका धरला होता. जवळचे मोठे आणि दूरचे लहान, हा दोष उभे राहण्याच्या जागेचा. मग शिडीवर चढून कॅमेरा खडकाला समांतर धरला, आकृतीशेजारी मोजपट्टी ठेवली. साडेसातच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खोबणीत सावली भरली होती. दुपारी तीच आकृती दिसेनाशी होते.

शिडीलाही मर्यादा आहेच. तीन मीटर उंचीवरून या लेन्समध्ये सुमारे ४.४ मीटर लांब आणि २.९ मीटर रुंद जमीन मावते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटरचा. तो एका चित्रात घ्यायचा तर बारा मीटरहून अधिक उंची हवी. तेथे ड्रोन तरी हवा, नाहीतर तुकड्यांनी चित्रे घेऊन ती जोडावी लागतील.

एवढी काटेकोरी कशासाठी, असे कोणी विचारील. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातील ९ कातळशिल्पस्थळे आली; त्यांतील ७ आपल्या जिल्ह्यात आहेत आणि जांभरुण त्यांपैकी एक. जांभा ऊनपावसात झिजतो, चिऱ्यांसाठी सडे फोडले जातात. एखादी आकृती उद्या राहिली नाही, तर छायाचित्र हाच तिचा पुरावा. तो खोटा असून चालणार नाही.

तेव्हा अंधाऱ्या जागी हलत्या माणसांचे फोटो काढणाऱ्याने एफ १.४ जरूर घ्यावी. सड्यावर जाणाऱ्याला एफ २.८ पुरे; उरलेल्या पैशांत शिडी आणि मोजपट्टी येते.

सरांनी नवे छायाचित्र विभागाच्या फलकावर लावले आहे. खाली लेन्सचे नाव नाही. स्थळ, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची उंची एवढेच लिहिले आहे.