जुना कायदा रद्द झाला, मग जुनें देणें-घेणें कोठें गेलें?

गांवच्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेंत एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "ती सोसायटी निजामाच्या अमदानींत नोंदलेली, तो कायदाच आतां उरला नाहीं, तर त्याखालीं वडिलांनीं लिहून दिलेला करार आम्हांस कसा बांधील?" दुसऱ्या बाजूनें, ज्यांच्या हातीं दफ्तर असतें ते एखाद्या जुन्या सभासदाच्या वारसास सांगतात कीं, "तुझ्या आजानें घेतलेला भाग जुन्या कायद्याखालचा. नव्या यादींत त्याला जागा नाहीं." पहिलें बोलणें थकबाकीदाराच्या सोईचें आहे, दुसरें दफ्तरवाल्यांच्या; कायद्याचा आधार मात्र दोहोंसहि नाहीं. कायदा रद्द होणें म्हणजे पाटीवरचें लिहिलेलें ओल्या फडक्यानें पुसणें, ही समजूतच चुकीची. आणि ही चूक न्यायालयांत महाग पडते.

धाराशिव (पूर्वीचें उस्मानाबाद) जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस हा विषय इतरांहून अधिक जवळचा आहे, कारण एका माणसाच्या हयातींत येथें तीन कायदे येऊन गेले. हैदराबाद संस्थानांत सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा फसली १३२३, म्हणजे इ. स. १९१४ च्या सुमारास झाला. संस्थान भारतांत विलीन झाल्यावर १९५२ सालीं हैदराबाद सहकारी संस्था अधिनियम आला. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. पण राज्य बदललें म्हणून त्याच दिवशीं कायदाहि बदलला, असें झालें नाहीं. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ नें ज्या मुलुखांत जो कायदा चालू होता तो, विधिमंडळानें बदलीपर्यंत, तेथें तसाच ठेवला. त्यामुळें परंड्याच्या शेतकऱ्याचा व्याही बार्शीस असला, तर दोघे एकाच राज्याचे रहिवासी असूनहि एकाच्या सोसायटीस हैदराबादचा १९५२ चा आणि दुसऱ्याच्या सोसायटीस मुंबईचा १९२५ चा कायदा लागू होता. हा दुहेरी कारभार २६ जानेवारी १९६२ पर्यंत चालला. त्या दिवशीं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा अंमलांत आला. (लातूर त्या वेळीं याच जिल्ह्यांत होतें, निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. तेव्हां तिकडील वाचकांनींहि हें आपल्यासच लिहिलें आहे असें समजावें.)

या नव्या अधिनियमाचें एकच कलम वाचावयाचें असेल, तर वाचकानें कलम १६६ वाचावें. त्यानें मुंबईचा व हैदराबादचा हे दोन्ही जुने कायदे रद्द केले, पण त्याच श्वासांत रक्षणाची तरतूदहि केली. जुन्या कायद्याखालीं झालेल्या नोंदण्या, केलेले करार, काढलेले हुकूम, मंजूर झालेले पोटनियम हे नव्या कायद्याशीं विसंगत नसतील तेथवर नव्याच कायद्याखालीं झाले असें मानावयाचें. ज्या सोसायटीची नोंदणी त्या दिवशीं चालू होती ती नव्या कायद्याखालीं नोंदलेली मानावयाची. रजिस्ट्रार, लवाद किंवा लिक्विडेटर यांजपुढें चालू असलेलीं कामें नव्या अधिकाऱ्यांकडे वर्ग व्हावयाचीं. आणि कोणत्याहि दस्तऐवजांत जुन्या कायद्याचा उल्लेख असला तर तेथें, जरूर पडेल तसा, नव्या कायद्याचा उल्लेख आहे असें वाचावयाचें.

"मानावयाचें" हा शब्द येथें फार वजनदार आहे. दत्तक घेतलेला मुलगा त्या घरीं जन्मला नाहीं हें सर्वांस ठाऊक असतें. तरी एकदां दत्तविधान झालें कीं, तो त्या घरचाच. त्यास वारसा मिळतो आणि घरचें कर्जहि त्याच्या माथीं येतें. कायद्यानें एखादी गोष्ट मानावयास सांगितली कीं, न्यायालय तिचे स्वाभाविक परिणामहि मान्य करतें. अर्ध्या वाटेवर थांबत नाहीं. म्हणून निजामाच्या वेळीं नोंदलेली आणि पुढें अखंड चालत आलेली सोसायटी आज आपल्या सभासदाविरुद्ध तंटा नेते, तेव्हां "तुमचा कायदा मेला" हें उत्तर टिकत नाहीं. मात्र जिची नोंदणी १९६२ पूर्वींच रद्द झाली, ती या कलमानें जिवंत होत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

आतां "विसंगत नसतील तेथवर" या शब्दांकडे वळूं. खरे तंटे येथेंच होतात. पुष्कळ जुन्या सोसायट्यांचे पोटनियम कपाटांत तसेच पडून आहेत, आणि अडचणीच्या वेळीं कोणीतरी ते काढून सभेंत वाचून दाखवितो. पोटनियम म्हणजे कायदा नव्हे. को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं असें ठरविलें कीं, पोटनियम हे सभासद व संस्था यांमधील कराराच्या जातीचे असून त्यांस कायद्याचें बळ नाहीं. नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेचें प्रकरण (निवाडासंग्रह, १९८४) तर आपल्याच अधिनियमावरचें. तेथें राखीव जागांविषयींचें कलम ७३-ब आणि बँकेचे पोटनियम यांचा मेळ बसेना, तेव्हां न्यायालयानें कलमास वरचढ ठरविलें. तात्पर्य, जुना पोटनियम जगतो तो नव्या कायद्याच्या सावलींत. जेथें दोहोंची गांठ पडेल तेथें पोटनियमानें हटावें.

कांहीं वेळां रद्द करणाऱ्या कायद्यांत रक्षणाची अशी तरतूदच नसते. मग न्यायाधीश काय करतात? केंद्राच्या १८९७ च्या व मुंबईच्या १९०४ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्यें सर्वसामान्य नियम आहे : निराळा हेतु दिसत नसेल तर, रद्द झालेल्या कायद्याखालीं मिळून चुकलेला हक्क, अंगावर येऊन चुकलेली जबाबदारी आणि चालू असलेलें काम यांस बाध येत नाहीं. पंजाब राज्य विरुद्ध मोहर सिंग या निवाड्यांत (१९५५) फाळणीनंतर पाकिस्तानांत आपली जमीन होती असा खोटा दावा लिहून देणाऱ्या निर्वासिताचा प्रश्न होता. दावा दिला तेव्हांचा वटहुकूम रद्द होऊन त्याच्या जागीं कायदा आला होता. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, नव्या कायद्यानें जुने हक्क व जबाबदाऱ्या जिवंत ठेवल्या काय, हा प्रश्नच चुकीचा. त्यानें त्या मारून टाकण्याचा हेतु दाखविला काय, हें पाहावयाचें. माझ्या मतें या विषयांतील सर्वांत उपयुक्त सूत्र हेंच. आपला वकील मुद्दा उलटा मांडूं लागला, तर त्यास या निवाड्याची आठवण द्यावी.

पण "मिळून चुकलेला हक्क" आणि "मिळेल अशी आशा" यांत मोठें अंतर आहे. प्रिव्ही कौन्सिलनें १८९५ सालीं ऑस्ट्रेलियांतील जमिनीच्या एका प्रकरणांत हा फरक स्पष्ट केला. जुन्या कायद्याप्रमाणें लगतची जमीन आणखी विकत घेण्याची सवलत एका इसमास होती, पण कायदा रद्द होण्यापूर्वीं त्यानें त्यासाठीं पाऊल उचललें नाहीं. ती सवलत गेली. ज्यांस सूट वा सवलत घ्यावयाची असते आणि जे "पुढच्या हंगामांत अर्ज करूं" म्हणतात, त्यांनीं हा निवाडा उशाशीं ठेवावा.

आणखी एक खांच आहे. केंद्राच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचें संरक्षण अधिनियमास आहे. सरकारनें केलेल्या साध्या नियमास तें आपोआप मिळत नाहीं. कोल्हापूरच्या एका साखर कारखान्याच्या अबकारी कराच्या प्रकरणांत पांच न्यायाधीशांच्या पीठानें २००० सालीं असा निर्णय दिला. नियम काढून टाकतांना रक्षणाची तरतूद केली नव्हती, म्हणून त्या नियमाखालचें चालू कामच खुंटलें.

अलीकडे एक नवाच गोंधळ ऐकूं येतो. ९७ व्या घटनादुरुस्तीचा सहकारविषयक भाग सर्वोच्च न्यायालयानें २० जुलै २०२१ रोजीं राज्यांतील संस्थांपुरता रद्द ठरविला व तो केवळ बहुराज्यीय संस्थांस ठेवला. तेव्हां त्या दुरुस्तीस अनुसरून महाराष्ट्रानें २०१३ सालीं घातलेलीं कलमेंहि गेलीं, असें कित्येक समजतात. तसें नाहीं. न्यायालयाचा आक्षेप हाच होता कीं सहकार हा राज्यांचा विषय असतां राज्यांची संमति घेतली गेली नाहीं. राज्याच्या विधिमंडळानें आपल्याच अधिकारांत केलेलें कलम, तें विधिमंडळ स्वतः बदलीपर्यंत अथवा न्यायालय तेंच कलम रद्द ठरवीपर्यंत, उभें राहतें.

आतां व्यवहाराचें. तुळजापूर किंवा कळंब तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्याच्या सात-बारावर सोसायटीचा जुना बोजा असून त्यावरून नोटीस आली, तर पहिला प्रश्न रकमेचा नव्हे, तारखेचा. करार कोणत्या दिवशीं झाला, त्या दिवशीं कोणता कायदा चालू होता, आणि सोसायटीची नोंदणी तेव्हांपासून अखंड आहे काय? अधिनियमाच्या कलम ३२ अन्वयें सभासदास आपल्या व्यवहारापुरत्या वह्या पाहतां येतात व फी भरून नकला घेतां येतात. मागणी लेखी करावी व पोंच घ्यावी. १९४८ पूर्वींचे कागद बहुधा उर्दूंत असतात व त्यांवर फसली साल असतें. घरांत वाचणारा कोणी उरला नाहीं म्हणून ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे इसवी साल निघतें. मात्र जानेवारीपासून पुढच्या महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात.