जुनी कागदी खेळणी स्वस्त का?

एखादी वस्तू शंभर वर्षांची आहे असे कळले, की ती मौल्यवान असणार असे आपण मनाशी धरून चालतो. ‘जुने ते सोने’ ही म्हण तर आपल्या जिभेवरच असते. परंतु जुन्या वस्तूंच्या बाजारात या म्हणीचा पडताळा नेहमी येतोच असे नाही. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास छापलेला कागदी बाहुल्यांचा एखादा ताव आज तेथील साध्या जेवणाच्या खर्चात मिळू शकतो. याउलट, त्याच देशात १९३८ साली अवघ्या दहा सेंटला विकल्या गेलेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला विकली गेली. दोन्ही वस्तू कागदाच्या, दोन्ही मुलांसाठी तयार केलेल्या. त्यांतही वयाने मोठी असलेली वस्तू स्वस्त आणि धाकटी महाग! हे कोडे समजून घेण्यासाठी या बाहुल्यांचा इतिहास पाहावा लागेल.

कागदी बाहुली म्हणजे जाड कागदावर छापलेली मुलीची किंवा मुलाची आकृती. तिच्याबरोबर झगे, टोप्या, कोट असे निरनिराळे पोशाख छापलेले असत. मुलांनी ते कात्रीने कापावेत आणि कडेला ठेवलेल्या कागदी पट्ट्या मागे दुमडून बाहुलीला चढवावेत, असा हा खेळ होता. लंडनमध्ये १८१० साली ‘लिटल फॅनी’ नावाची अशी बाहुली एका छोट्या पुस्तकासह विक्रीस आली. तिचे पोशाख सात आणि डोके मात्र एकच. ते प्रत्येक पोशाखात खोचायचे. चित्रे हाताने रंगवलेली असल्यामुळे ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. तिच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या. शिवाय ते इवलेसे डोके हरवले, की सारा संच अपुरा! म्हणूनच तिचा पूर्ण संच आज दुर्मीळ आहे आणि त्याला किंमतही चांगली येते.

पुढे शिळाछापाचे तंत्र आले. दगडावर चित्र काढून त्याचे ठसे घेण्याची ही पद्धत महाराष्ट्रालाही परिचित आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत याच तंत्राचा छापखाना काढला होता. रंगीत शिळाछापामुळे हाताने रंगवण्याचे कष्ट संपले आणि एका चित्राच्या हजारो प्रती निघू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मासिकांनी बाहुल्यांची पानेच छापायला सुरुवात केली. ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात १९०८ साली लेटी लेन ही बाहुली आली, तर ‘पिक्टोरियल रिव्ह्यू’मध्ये १९१३ पासून ग्रेस ड्रेटन या चित्रकर्तीची डॉली डिंगल अवतरली. ‘लेडीज होम जर्नल’ची वर्गणीदार-संख्या १९०३ सालीच दहा लाखांवर पोहोचली होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता साधा हिशेब करून पाहा. एका पानाच्या दहा लाख प्रती निघाल्या आणि त्यांतील हजारात एकच टिकली असे मानले, तरी एक हजार प्रती उरतात. त्या घेऊ इच्छिणारे संग्राहक जर दोनशेच असतील, तर भाव चढणार कसा? वस्तूचा भाव तिच्या वयावरून ठरत नाही. किती नग उरले आणि किती जणांना ते हवे आहेत, यांवरून तो ठरतो. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या त्या अंकात सुपरमॅन प्रथम अवतरला. तो आजही जगभर लोकप्रिय आहे, आणि त्या अंकाच्या प्रती मात्र वाचून झाल्यावर बहुतेकांनी फेकून दिल्या. डॉली डिंगलच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ज्या मुली तिच्याशी खेळल्या, त्यांच्या आठवणींत तिला मोल होते. ती पिढी सरली आणि तिच्याबरोबर मागणीही ओसरली. पाने मात्र मासिकांच्या गठ्ठ्यांतून माळ्यांवर सुरक्षित राहिली.

येथे एक विलक्षण गोष्ट दिसून येते. मुलांनी ज्या बाहुल्यांवर मनापासून प्रेम केले, त्या कापल्या गेल्या, चुरगळल्या, त्यांच्या पट्ट्या तुटल्या. अशा संचाला बाजारात फार कमी किंमत येते. संग्राहकाला हवा असतो तो कात्री न लागलेला ताव, म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलेच नाही असे खेळणे!

न विकलेल्या मालाची गोष्टही अशीच. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कागदी रंगभूमीचे वेड होते. गाजलेल्या नाटकांतील पात्रे व पडदे छापलेले कागद दुकानांत मिळत. साधा कागद एक पेनीला आणि रंगवलेला दोन पेन्सना. मुले ते पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून घरीच नाटक करीत. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८४ साली या छंदावर एक निबंध लिहिला आणि त्यात लंडनच्या बेंजामिन पोलॉक यांच्या दुकानाची मोठ्या प्रेमाने आठवण केली. पोलॉक १९३७ साली वारले. पुढे दुकान डबघाईला आले, तेव्हा १९५० च्या दशकात मार्गरीट फॉड्री या बाईंनी त्याचा जुना साठा विकत घेतला आणि १९५६ साली त्यातून खेळण्यांचे संग्रहालय उभे केले. माल गोदामात पडून असला, की तो जुना होतो, पण दुर्मीळ होत नाही.

त्यातच पुनर्मुद्रणाची भर पडते. कागदी रंगभूमीचे जुने छपाईचे पट एका दुकानदाराकडून दुसऱ्याकडे जात आणि त्यांवरून पुन्हा पुन्हा कागद निघत. त्यामुळे चित्र १८३० च्या सुमाराचे, पण हातातला कागद त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी छापलेला, असे सहज घडते. अमेरिकेत डोव्हर या प्रकाशनसंस्थेने १९७० च्या दशकापासून जुन्या बाहुल्यांची स्वस्त पुस्तके काढली. ज्याला केवळ चित्र पाहण्याची हौस आहे, त्याची गरज एवढ्यावर भागते. आंतरजालावरील लिलावांनी, विशेषतः १९९५ साली सुरू झालेल्या ईबेने, आणखी एक भ्रम दूर केला. एका गावात जो ताव एकमेव वाटत होता, तो इतर कित्येक गावांतही असल्याचे उघड झाले.

शेवटी कागदाचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो आणि दुमडताच तुटतो. चिकटपट्टीने केलेली दुरुस्ती तर त्याचे आणखीच नुकसान करते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना वय शोभते, पण कागदाला ते सोसत नाही. अशा तावाला आम्लविरहित वेष्टनात, उजेडापासून दूर ठेवावे लागते आणि हा खर्च कधीकधी तावाच्या किमतीहून अधिक होतो. मग ‘एवढ्या स्वस्त वस्तूसाठी हा खटाटोप कशाला?’ असे म्हणून वारसदार ते गठ्ठे रद्दीत देतात.

त्या गठ्ठ्यांतून काय जाते, हे पानांकडे पाहिले म्हणजे समजते. १९१५ सालच्या मुलीला किती बटणांचा झगा घालीत, मुलांच्या कपड्यांवर खलाशांच्या गणवेशाची छाप कशी होती, हे त्या पोशाखांत दिसते. पान उलटले, की पाठीमागे पाककृती, एखाद्या कथेचा तुकडा किंवा साबणाची जाहिरात आढळते. वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला असा अस्सल कागद आज आपल्या खिशाला परवडेल अशा दरात हाताळता येतो. साठ लाख डॉलरच्या अंकाचे पान असे सहजपणे उलटून पाहण्याची मुभा त्याला कोण देईल?

विचार करा आणि लिहा

‘लिटल फॅनी’ आणि ‘डॉली डिंगल’ यांच्या आजच्या किमतींत फरक का पडला, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

तुमच्या घरातील किंवा परिसरातील एखादी जुनी वस्तू निवडा. तिचे किती नग आज उरले असतील आणि ते कोणाला हवे असतील, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.