पोटोमॅक ओलांडण्याआधी

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

चि. चिन्मय,

हर्न्डनच्या नोकरीची बातमी तुझ्या आईने फोनवर सांगितली आणि गाडीचे फोटो तू पाठवलेस. दोन्हीबद्दल अभिनंदन. हर्न्डन आमच्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे शनिवारचं तुझं जेवण आमच्याकडे, हे मामीने परस्पर ठरवून टाकलं आहे. गाडी छान आहे. फक्त एका फोटोत आरशाखाली काचेला चिकटवलेली काळी डबी दिसली, आणि खाली तुझी ओळ होती की आधीच्या मालकाने रडार डिटेक्टर तसाच ठेवला, वर पोलिसांचा स्कॅनरही फुकट दिला. तुझा आनंद समजला. फोनवर बोललो असतो तर तू "हो मामा" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहितो आहे.

तू आत्ता आहेस त्या न्यू जर्सीत खाजगी गाडीत डिटेक्टर चालतो. वाटेत लागणाऱ्या डेलावेअरमध्ये आणि मेरीलँडमध्येही चालतो. मेरीलँडमधून आय-४९५ च्या वळशाने येऊन अमेरिकन लीजन पुलावर पोटोमॅक ओलांडलीस की चालत नाही. पन्नास राज्यांत खाजगी गाडीतल्या डिटेक्टरला सरसकट बंदी घालणारं व्हर्जिनिया हे एकटंच. जोडीला शेजारचं वॉशिंग्टन डी. सी. व्हर्जिनियातली बंदी १९६२ पासूनची आहे आणि तिची भाषा मोठी खमकी आहे. यंत्र चालू होतं, एवढंच काय, ते चालण्याच्या स्थितीत होतं हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागत नाही. गाडीत सापडलं, पुरे. सुटका एकाच परिस्थितीत आहे : त्याला वीज जोडलेली नसेल आणि ते चालकाच्या किंवा बरोबरच्या कोणाच्या हाताशी नसेल. म्हणजे डिकीत. "बंदच होता, ऑफिसर" हे उत्तर इथे कामाचं नाही.

तुझ्या गाडीत त्याची वायर आरशाच्या मागून छताच्या आत गेलेली दिसते. ती नुसती उपटू नकोस. निघण्याआधी एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून फ्यूजपासून सोडवून घे. ते जमलं नाही तर निदान मेरीलँड हाउसला कॉफीसाठी थांबशील तेव्हा डबी काढून डिकीत टाक. पुलावर आल्यावर एका हाताने काढेन म्हणशील, तर त्या पुलावरची रहदारी तू अजून पाहिलेली नाहीस.

आता तुझ्या मनातला प्रश्न. दंड तर किरकोळच असेल ना? आहे किरकोळ. त्याचे लायसन्सवर गुणही चढत नाहीत. कॅनडात ऑन्टारिओमध्ये ही डबी जप्तच होते. नायगाराला जाऊन पलीकडे टोरांटोपर्यंत मजल मारणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. व्हर्जिनियात पुराव्यासाठी घेतली तरी काम झाल्यावर परत मिळते. मला काळजी दंडाची नाही. ती डबी तुझ्या कानात जे सांगत राहते, त्याची आहे.

माझा जन्म रेडिओलहरींत गेला, म्हणून थोडं सहन कर. रडार गन लहर सोडते, ती चालत्या गाडीवर आदळून परतते आणि परतताना तिची वारंवारता बदललेली असते. डॉप्लरने १८४२ साली मांडलेलं तत्त्व, बाकी काही नाही. २४.१५ गिगाहर्ट्‌झच्या के बँडवर वेगाच्या दर मैलामागे सुमारे ७२ हर्ट्‌झचा फरक पडतो. गन तो मोजते आणि आकडा दाखवते. डिटेक्टरचं बळ कशात आहे? गनला लहर जाऊन परत यावी लागते, डिटेक्टरला ती नुसती जाताना ऐकायची असते. अंतर दुप्पट झालं की तुझ्यापर्यंत पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, पण गनकडे परतणारी एक सोळांश. म्हणून तुला पोलीस आधी कळतो. अभियंता म्हणून मला ही युक्ती आवडते, हे लपवत नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७४ साली, देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तेव्हा लोक या डब्यांवर का तुटून पडले असतील हेही समजतं. रुंद, मोकळे रस्ते आणि त्यावर रांगायचं.

पण तो काळ गेला, आणि पोलीसही शिकले. आता गन सतत लहरी सोडत बसत नाही. ऑफिसर ती हातात तयार ठेवतो आणि गाडी टप्प्यात आली की बटण दाबतो. रस्त्यावर तुझ्या पुढे दुसरी गाडी असेल आणि त्याने तिच्यावर बटण दाबलं, तर तुला थोडी सूचना मिळेल. रात्री एकटाच असशील तर डबी वाजेल तेव्हा आकडा त्याच्यापुढे आलेला असेल. लेझरचं तर विचारूच नकोस. हजार फुटांवर त्या किरणाची रुंदी जेमतेम तीन फूट. तो नेमका तुझ्या नंबरप्लेटवर किंवा दिव्यावर येतो, क्षणात वेग मोजतो, आणि मग तुझा डिटेक्टर चोर गेल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखा ओरडतो. शिवाय मागे गाडी लावून, तुझ्याच वेगाने चालवून, स्वतःच्या मीटरवर आकडा वाचणारा पोलीस असतो. त्यात रडारच नाही, मग डबी काय ऐकणार?

उलट ती नको ते ऐकते. हल्लीच्या कितीतरी गाड्यांमध्ये बाजूची गाडी दाखवणारे सेन्सर त्याच २४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही तसेच. मग डबी दिवसभर वाजते, माणूस कंटाळून आवाज कमी करतो किंवा तो बँडच बंद करून टाकतो. आणि तरीही "आपल्याकडे आहे" या भरवशावर पायाचा दाब वाढलेला असतो तो असतोच. यंत्र निकामी, धीटपणा शाबूत.

तो धीटपणा या राज्यात फार महाग पडतो. हा भाग नीट वाच. न्यू जर्सीत वेगाचं तिकीट म्हणजे पैसे, गुण आणि विम्याचा वाढलेला हप्ता. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा जास्त गेलास, किंवा मर्यादा काहीही असली तरी ८५ च्या वर गेलास, तर त्याला 'रेकलेस ड्रायव्हिंग' म्हणतात, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. क्लास वन मिसडिमीनर. कायद्याने जास्तीत जास्त शिक्षा बारा महिने तुरुंग आणि अडीच हजार डॉलर दंड. ८५ चा हा आकडा २०२० च्या जुलैपर्यंत ८० च होता. आता हिशोब कर. आय-९५ वर काही ठिकाणी मर्यादा ७० आहे. तिथे ८६ ने गेलास, म्हणजे फक्त सोळा मैल जास्त, तर तू कोर्टात उभा. आजूबाजूचे सगळे त्याच वेगाने जात होते, हे न्यायाधीशांना रोजच ऐकायला मिळतं. पहिल्या खेपेला तुरुंगात टाकत नाहीत सहसा, पण दोषी ठरलास तर नोंद राज्याच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर अकरा वर्षं राहते.

आणि तू अजून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर आहेस. पुढे एच-वन, मग कधीतरी मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग. त्या अर्जात विचारतात, कधी अटक झाली आहे का, कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरला आहात का. अशा एका खटल्याने इथून बाहेर काढतील असं मी म्हणत नाही, उगाच घाबरवायचं नाही. पण "नाही" एवढ्या एका शब्दात संपणारं उत्तर वकिलाच्या पत्रासकट कागदांची चळत होऊन बसतं. सोळा मैलांसाठी?

समजा थांबवलंच तुला. उजवीकडे घे, इंजिन बंद कर, रात्र असेल तर आतला दिवा लाव, काच खाली कर आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव. त्या वेळी काहीही लपवायला जाऊ नकोस. मागून येणाऱ्या ऑफिसरला डबी दिसत नाही. घाईने खाली वाकणारा चालक आणि सीटखाली जाणारा हात दिसतो. या देशात कितीजण गाडीत पिस्तूल बाळगतात हे त्याला ठाऊक असतं. लायसन्स मागितलं की कुठल्या खिशात आहे ते आधी सांग, मग हात घाल. वाद घालायचा तो कोर्टात. रस्त्याच्या कडेला अजून कोणी खटला जिंकलेला नाही.

जॅमरचंही आत्ताच बोलून टाकतो, कारण डिटेक्टर गेला की कोणीतरी मित्र ते सुचवेलच. रडारमध्ये अडथळा आणणारं यंत्र केंद्रीय कायद्यानेच बेकायदा आहे, कुठल्याही राज्यात. लेझरचं जॅमर काही राज्यांत चालतं, व्हर्जिनियात नाही. विषय संपला.

स्कॅनरची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे मी तुझ्या बाजूचा आहे. पोलिसांचं, अग्निशमन दलाचं उघड बोलणं घरी बसून ऐकायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचा रोख दुसरीकडे आहे : ऐकलेलं स्वतःच्या फायद्यासाठी वापरायचं नाही. अपघाताची बातमी ऐकून सगळ्यांच्या आधी धावत जाणारा टोइंगवाला त्या कलमाच्या तडाख्यात येऊ शकतो. गाडीत ठेवण्याबाबत मात्र प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं. न्यूयॉर्क, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा, फ्लोरिडा इथे गाडीतल्या किंवा हातातल्या स्कॅनरवर निर्बंध आहेत. व्हर्जिनियात नुसता बाळगण्याला तशी बंदी नाही, पण गंभीर गुन्हा करताना जवळ असला तर तो वेगळा गुन्हा होतो. तू न्यूयॉर्कच्या मित्रांकडे शनिवार-रविवार जाणार, हे मला माहीत आहे. तेव्हा तो घरीच ठेव.

पोलीस चुकवायला त्याचा काही उपयोगही नाही. "मी अमक्या झाडामागे उभा आहे" असं कुठला ऑफिसर रेडिओवर जाहीर करतो? आपल्याकडे जुन्या महामार्गावर समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारून 'पुढे साहेब आहेत' सांगतो, ती माहिती स्कॅनरपेक्षा कितीतरी ताजी. त्यात हल्ली बऱ्याच शहरांचे पोलीस आपलं बोलणं सांकेतिक करून टाकतात. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३ मध्ये ते सुरू केलं. पत्रकार त्यावर नाराज आहेत, आणि मला त्यांचं पटतं. पोलिसांवर नजर ठेवण्याचा एक साधा मार्ग त्यामुळे बंद होतो.

तरी स्कॅनर फेकू नकोस. खिडकीत अँटेना लाव आणि १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झवर हवामान खात्याचा रेडिओ ऐक. इथे उन्हाळ्यात दुपारी चारला आभाळ काळंकुट्ट होतं आणि बर्फाच्या दिवसांत रस्ते तासाभरात बदलतात. ऑफिसातून निघण्याआधी ते ऐकणं कामाचं आहे. आणि खरोखर गोडी लागली तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा दे. पहिली पायरी टेक्निशियनची : पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. मोर्स कोडची अट २००७ मध्येच गेली. नागरिकत्व लागत नाही, इथला टपालाचा पत्ता लागतो. परवाना दहा वर्षांचा. गाडीतल्या स्कॅनरवर बंधन घालणाऱ्या कायद्यांमध्ये हॅम परवानाधारकांना बहुतेक ठिकाणी काही ना काही सूट आहे, पण प्रत्येक राज्याचे शब्द वेगळे, ते वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नकोस. माझी जुनी पुस्तकं आहेत, शिकवायला मीही रिकामाच आहे. ऐकण्याचा शौक असेल तर तो ताठ मानेने करता येतो, हे तुला पहिल्याच महिन्यात कळेल. भारतात जाताना मात्र यातलं काही बॅगेत टाकू नकोस. तिथे बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागतो आणि विमानतळावर समजावून सांगताना घाम फुटेल.

राहिलं वेझ हे नकाशाचं ॲप. ते वापर. रस्त्यातल्या पोलिसांची वर्दी लोकच एकमेकांना देतात, आणि ते इथे कायदेशीर आहे. फक्त निघण्याआधी सगळं लावून फोन स्टँडवर ठेव. "पोचतोय" हे सांगायलाही वाटेत फोन उचलू नकोस. मामी जेवण गरम करून देईल. फोन हातात धरून गाडी चालवायला व्हर्जिनियात १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे.

तुझा,
विनूमामा