लढणं थांबल्यावर

मालवण

चि. सोहम,

दोघादोघांच्या जोडीने लढणारे अमेरिकी पैलवान तुला भुरळ घालतात आणि तोच पेशा पत्करायचा तुझा विचार आहे, असं तुझ्या आईने कळवलं. ‘ती कुस्ती खोटी’ एवढं म्हणून मी तुला गप्प करणार नाही. निकाल आधी ठरलेला असतो हे खरं. १९८९ साली न्यू जर्सीत त्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीनेच हा खेळ नसून करमणूक आहे, असं सरकारदरबारी मान्य केलं. पण आपल्या जत्रेतल्या दशावतारात शंकासुर हरणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून काही त्या नटाचा घाम खोटा ठरत नाही. दोराबाहेरचा जोडीदार हाताला हात लावून आत येतो, पहिल्याला जरा दम खाता येतो, तरी पाठीवर आपटणं खरंच असतं. ते सोसलेलं शरीर लढणं थांबल्यावर कुणाच्या भरवशावर जगतं, हा माझा प्रश्न आहे. ती कंपनी पैलवानांना नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. झळकणाऱ्या पाच-दहा जणांकडे बघून त्या पेशाचा हिशेब मांडू नकोस.

तू म्हणशील, मातीतल्या कुस्तीत तरी कुठे शाश्वती आहे? बरोबर आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या वारीसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करावे लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. एवढ्या मोठ्या पैलवानाला पदकाने पोसलं नाही. १९५५ पासूनच्या पोलीस खात्यातल्या नोकरीने त्यांचा संसार चालला. हरिश्चंद्र बिराजदारांची वाट वेगळी. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, आणि त्यांच्या हाताखाली घडू लागलेल्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. बिराजदारांची कारकीर्द मोजताना मी हे दुसरं सुवर्णही त्यांच्या खात्यात धरतो. स्वतःच्या अंगातली विद्या दुसऱ्याच्या अंगात उतरवता येणं हा पैलवानाचा सर्वांत टिकाऊ पैसा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पोटापाण्याचा विचार आधीच केला तर मन दुभंगतं, सरावात कसर राहते, हा आक्षेप जाणती माणसंही घेतात. खाशाबा कॉलेजात शिकत होते आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावेही आले होते. शिक्षणाने त्यांचा डाव ढिला पडलेला दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर कोल्हापूरसारखी तालमींची परंपरा नाही, त्यामुळे तुला घाट चढावाच लागेल. जा, मी अडवत नाही. पण बारावीनंतर आधी तिथल्या कॉलेजात नाव घाल, मग तालीम धर. वस्तादांना खुराकाचा खर्च विचारशील, त्याच वेळी त्यांचे चाळिशी ओलांडलेले शागीर्द आज काय करून पोट भरतात तेही विचार, आणि मला सविस्तर लिही.

तुझा,
मामा