एक लॅपटॉप, दोन बिऱ्हाडं

आमच्या विंगमध्ये मला सगळे ‘लिनक्सवाला’ म्हणून ओळखतात. ही पदवी विद्यापीठाने दिलेली नाही. पहिल्या वर्षी स्वतःचा लॅपटॉप तीन वेळा फॉरमॅट करून मी ती कमावली आहे. दर सत्राच्या सुरुवातीला कोणीतरी दार वाजवतं, “अरे, माझ्या पण लॅपटॉपवर उबंटू टाकून दे ना, चहा पाजतो.” सातव्या सत्रापर्यंत मी चहाच्या बोलीवर हे काम बिनधास्त करत होतो. मग माझ्याच रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर जे झालं त्यानंतर काम सुरू करण्याआधी मी एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न कोणता आणि का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी हे बघू की एका लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम हव्यातच कशाला? आमच्या प्रोजेक्टचंच घ्या. चौघांचा ग्रुप, विषय रोबोटिक आर्म. आर्मचं डिझाइन सॉलिडवर्क्समध्ये, आणि सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. आर्म हलवायचा प्रोग्रॅम आरओएस-२ वर, आणि तिचा सगळा संसार मुख्यतः उबंटूवर. लॅब सहाला बंद होते आणि आमचं डोकं चालू होतं रात्री अकरानंतर. मग स्वतःच्या लॅपटॉपवर दोन्ही ठेवण्याशिवाय इलाज नाही.

“विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीन का नाही घेत?” असं विचारणारे असतात. घ्या की! पण ८ जीबी रॅमच्या ताटावर दोघांना एकाच वेळी जेवायला बसवलं की दोघेही उपाशी उठतात. नुसतं पायथन किंवा सी शिकायचं असेल तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल पुरेसं आहे, त्यासाठी डिस्क कापायची गरज नाही, हे मी चहा गमावूनही प्रामाणिकपणे सांगतो. सिम्युलेशन, कॅमेरा, यूएसबीला लावलेला कंट्रोलर असला धंदा असेल तरच ड्युअल बूट.

आता डिस्ककडे वळू. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. बाहेर एक देवडी, आत खोल्या, खोल्यांत बिऱ्हाडं. लॅपटॉपची डिस्क म्हणजे हा वाडा आणि पार्टिशन म्हणजे खोल्या. कंपनीकडून लॅपटॉप येतो तेव्हा सगळा वाडा विंडोजकडे असतो. पण ‘सी ड्राइव्ह’ म्हणजेच अख्खी डिस्क, हा आपला गैरसमज असतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. पुढे एक चिमुकलं पार्टिशन दिसेल, बहुधा १०० एमबीच्या आसपास. त्याला ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ म्हणतात. हीच देवडी. लॅपटॉपचं बटण दाबलं की फर्मवेअर आधी इथे येतं आणि विचारतं, कोणाला उठवायचं? विंडोजचा बूट मॅनेजर इथेच एका फोल्डरमध्ये बसलेला असतो. उबंटू आला की तोही याच देवडीत आपलं फोल्डर मांडतो. त्याच्या रखवालदाराचं नाव ग्रब.

जुन्या बायोसच्या काळात ही देवडी नव्हती. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये एकालाच बसायला जागा होती, आणि जो मागून येई तो आधीच्याला उठवून बसे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा सीनियर लोकांचा सल्ला त्या काळातला. आज दोघांची फोल्डरं वेगळी असतात, तरी सल्ला पाळायला हरकत नाही, कटकट कमी होते.

तर एवढ्या ज्ञानावर मी स्वतःला तज्ज्ञ समजत होतो. तो शुक्रवार होता आणि सोमवारी प्रोजेक्टच्या स्टेज वनचा रिपोर्ट द्यायचा होता. पार्टनरच्या लॅपटॉपवर आर्मच्या सगळ्या पार्ट फाइल्स, असेंब्ली, ड्रॉइंग आणि अर्धा रिपोर्ट. दुसरी प्रत कुठेच नाही. हा लॅपटॉप त्याच्या वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढून घेऊन दिलेला, हप्ते अजून चालू. रात्री तो म्हणाला, “सिम्युलेशन मलाही चालवून बघायचंय, टाकून दे उबंटू.” मी म्हटलं, “अर्ध्या तासाचं काम आहे.”

मी पेनड्राइव्ह लावला, फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये गेलो आणि सवयीने ‘सिक्युर बूट’ बंद केलं. पहिल्या वर्षी कुठल्यातरी जुन्या मार्गदर्शिकेत तसं वाचलं होतं, ते डोक्यात बसलेलं. पेनड्राइव्हवरून उबंटू चालू झाला, वायफाय चालतंय, टचपॅड चालतोय, झकास. इन्स्टॉल करण्याआधी विंडोजमध्ये जाऊन जागा मोकळी करावी म्हणून रीस्टार्ट केलं. आणि समोर निळा स्क्रीन. त्यावर लिहिलेलं, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका. ती की ४८ अंकांची. सहा-सहा अंकांचे आठ गट.

पार्टनरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. “पासवर्ड काय ठेवलायस?”
“पासवर्ड कुठे, मी चार आकडी पिन टाकतो!”
“मायक्रोसॉफ्टचं अकाउंट कोणाचं आहे? की तिथे असेल.”
“ते दुकानातल्या दादाने काढून दिलं होतं. मला फक्त पिन सांगितला.”

इथे थोडं थांबून तांत्रिक बाजू सांगतो, कारण खरं पाणी इथेच मुरतंय. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की सी ड्राइव्ह कुलूपबंद होतो आणि त्याची रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. आपल्याला पत्ताही नसतो, कारण रोजची किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे असते आणि ती गुपचूप कुलूप उघडून देते. पण ही चिप महासंशयी. चालू होताना सिक्युर बूट चालू होतं का, कोणाच्या सहीचा बूटलोडर आला, याची ती नोंद करते. नोंद नेहमीसारखी असली तरच किल्ली देते. मी सिक्युर बूट बंद केलं आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या दृष्टीने लॅपटॉप चोरीला गेला होता आणि चोर मी होतो. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे कधी झालं नाही, कारण मी पहिल्यापासून लोकल अकाउंट वापरतो आणि एन्क्रिप्शन चालूच नव्हतं. म्हणजे चार लॅपटॉपवर यश मिळालं ते ज्ञानामुळे नव्हतं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या फोन केला. तिथून उत्तर आलं की तो पोरगा काम सोडून गेला, ईमेल कुठला टाकला ते माहीत नाही. पार्टनर काही बोलला नाही. कॉटवर बसून रिपोर्टच्या प्रिंट काढलेल्या सात पानांकडे बघत राहिला. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साडेदहाला आम्ही लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटर सेंटरला गेलो. तिथल्या सरांनी स्क्रीन बघितला आणि विचारलं, “काय काय हात लावलास, क्रमाने सांग.” मी सांगितलं.
“डिस्कवर काही लिहिलंस?”
“नाही सर.”
“टीपीएम क्लिअर केलंस?”
“नाही.”
“मग जे बदललंस ते होतं तसं कर. पेनड्राइव्ह काढ आणि सिक्युर बूट चालू कर.”

केलं. दहा सेकंद वर्तुळ फिरलं आणि पिन विचारणारा नेहमीचा स्क्रीन आला! परिस्थिती पुन्हा नोंदीबरहुकूम झाली, चिपची खात्री पटली, तिने किल्ली दिली. रात्री मी घाबरून आणखी चार गोष्टी बदलल्या असत्या, टीपीएम पुसलं असतं, तर हे झालं नसतं. त्या की शिवाय डिस्कमधलं काही वाचायला कोणाकडेही उपाय नाही, सरांकडेही नाही आणि दुरुस्तीच्या दुकानातही नाही. सरांनी आधी सगळ्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्यायला लावल्या, ती होईपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही.

तर तो प्रश्न असा: “तुझी रिकव्हरी की कागदावर लिहिलेली आहे का?” सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसलं तर अकाउंटमध्ये जाऊन की बघा, स्क्रीनवरच्या आयडीशी जुळते का तपासा आणि लिहून घ्या. अकाउंट दुकानदाराचं असेल तर आजच स्वतःचं करा. मगच एन्क्रिप्शन बंद करायचं. डिस्क उलगडायला तासभर किंवा जास्त लागू शकतो, चार्जर लावून ठेवा. एन्क्रिप्शन चालू ठेवूनही ड्युअल बूट जमतं, पण मग ग्रबमधून विंडोज उघडताना पुन्हा की मागितली जाऊ शकते, तेव्हा विंडोज फर्मवेअरच्या बूट मेनूतून सुरू केलेलं बरं. मी बंद करतो. त्याची किंमत ही की लॅपटॉप एसटीत राहिला तर सापडणारा सगळं वाचेल. ज्याचं त्याने ठरवावं. आणि सिक्युर बूट बंद करायची गरजच नसते, उबंटूचा बूटलोडर सही केलेला असतो. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने काही ड्युअल बूट मशीनवरच्या जुन्या लिनक्स बूटलोडरना देवडीतच अडवलं होतं, पूर्ण निस्तरायला २०२५ चा मे उजाडला. म्हणून उबंटूचे अपडेटही टाळू नका.)

बाकीचं काम मात्र खरंच अर्ध्या तासाचं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असली की विंडोज शटडाउन केल्यावरही पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. मग लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहायला गेलात तर लिनक्स नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करा. १५० जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज ‘फक्त १२ जीबी देतो’ म्हणतं, याने कित्येक जण हैराण होतात. मधोमध हायबरनेशनची किंवा पेजिंगची फाइल ठाण मांडून बसलेली असते. दोन्ही तात्पुरत्या बंद करून रीस्टार्ट केलं की बहुधा जागा सुटते. उबंटूला किमान २५ जीबी सांगतात, पण आरओएस आणि सिम्युलेशन असेल तर १०० द्या. काही इंटेल लॅपटॉपवर आरएसटी चालू असतं आणि इन्स्टॉलर पुढे जायला तयार होत नाही. तिथे घाईने एएचसीआय करू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोज सेफ मोडला लावा, मग बदल करा.

इन्स्टॉलर विचारतो, कुठे टाकू? ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय घ्या. ‘सगळी डिस्क पुसून’ हा पर्यायही तिथेच जवळ असतो, झोपेत असाल तर उद्या करा. स्वतः पार्टिशन करणार असाल तर देवडीला, म्हणजे ईएफआय पार्टिशनला, फॉरमॅटची खूण करू नका. तिथे फक्त उबंटूला पाहुणा म्हणून पाठवायचंय.

शेवटची गंमत घड्याळाची. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेचं समजतं, लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेचं समजतं. भारतात फरक साडेपाच तासांचा. पीएलमध्ये आमच्या रूमचं वायफाय बंद होतं आणि खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. पार्टनर उबंटूमधून विंडोजमध्ये आला आणि वाचत बसला. मी म्हटलं, “झोप आता.” तो म्हणाला, “सव्वा एकच तर वाजलाय.” बाहेर चिमण्या ओरडत होत्या आणि मेसवाल्या काकांनी चहाची किटली आपटली होती. पावणेसात झाले होते! उबंटूतल्या टाइमडेटसीटीएल या आज्ञेने हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगितलं की हा घोळ मिटतो.

आणि गेमसाठी जागा हवी म्हणून विंडोजमधून उबंटूचं पार्टिशन उडवणाऱ्या ज्युनिअर मंडळींनो, दुसऱ्या दिवशी काळ्या स्क्रीनवर ग्रबची एकच ओळ दिसली तर रडत येऊ नका. बिऱ्हाड गेलं, पण रखवालदार देवडीत बसून मालकाला शोधतोय, इतकंच. फर्मवेअरच्या बूट मेनूत ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा, सगळं जागच्या जागी आहे.

लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या असतील तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतूनही धडे आहेत. माझा पेनड्राइव्ह दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारच्या रूममध्ये असतो. रविवारी दुपारी या. येताना चार्जर, फाइल्सची दुसरी प्रत घेतल्याचा पुरावा आणि कागदावर ४८ अंक घेऊन या. चहा मी पाजतो.