शरीरातील पाठशाळा

आमचा पेशा शिक्षकाचा. म्हणून शरीरशास्त्राचा हा धडा शाळेच्या उपमेनेच सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या टी-पेशी येथे शिकून तयार होतात. परक्यास ओळखणे हा त्यांच्या शिक्षणाचा अर्धा भाग. आपल्यास न मारणे हा दुसरा व अधिक कठीण भाग होय. परंतु इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात; थायमसमधील विद्यार्थ्याने ते पाहावे कसे? यासाठी थायमसच्या काही पेशी निरनिराळ्या इंद्रियांची प्रथिने थोडी थोडी स्वतःच बनवून पुढे मांडतात. जणू वर्गातील चित्रेच! जी टी-पेशी अशा चित्रावर तुटून पडते, तिचा बहुधा तेथेच नाश होतो, किंवा इतरांना आवरण्याचे काम तिला मिळते.

ही चित्रे मांडण्याची आज्ञा देणारे जनुक म्हणजे ‘एआयआरई’. एपेसेड या दुर्मिळ आनुवंशिक रोगाचा माग काढताना ते १९९७ साली सापडले. फिनलंडात सुमारे २५,००० माणसांत एकास हा रोग होतो. जनुक बिघडले की चित्रे लागत नाहीत, आणि अर्धवट शिकलेल्या पेशी स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करतात. २००२ साली उंदरांवरील प्रयोगांनी हे दाखवून दिले.

या रोगाची मुख्य लक्षणे तीन. तोंडात वारंवार बुरशी येणे. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन रक्तातील कॅल्शियम घटणे व त्यामुळे हातपाय वळणे किंवा झटके येणे. आणि मूत्रपिंडावरील ग्रंथी खचून ग्लानी येणे व रक्तदाब उतरणे. हे तिसरे लक्षण वेळेवर ओळखले नाही तर जिवावर बेतते. म्हणून मुलास झटके आले तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे, ताईत करीत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व उणीव असलेली संप्रेरके देऊन रुग्णास सांभाळता येते. गॅमा इंटरफेरॉन नावाचा टी-पेशींचा स्राव या रोगात अति होतो, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याचा परिणाम रोखणारे रुक्सोलिटिनिब हे औषध पाच रुग्णांना दिले असता त्यांना उतार पडला.

आता घरातील गोष्ट. मूल आजारी निघाले की खापर आईच्या माथी फुटते. हा अन्याय आहे. या रोगात बहुधा बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते; दोघेही स्वतः निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास धोका चारात एक. नात्यातील लग्नात दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात; मराठी हिंदू घरांतही मामाच्या मुलीशी सोयरीक जुनीच. तेव्हा घराण्यात असा आजार असेल तर तो लपवू नये. लग्न ठरविण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

शाळेत धडा चुकला तर आम्ही मुलाच्या आईस बोल लावीत नाही. काय शिकविणे राहिले ते पाहतो. येथेही तेच करावे.