नाल्याला मालक असतो: पाणवठ्याकाठच्या धंद्यांसाठी अनुभवाचे बोल

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर माझं जमाखर्च लिहिण्याचं ऑफिस आहे. दुकानदारांच्या वह्या, परवान्यांचं नूतनीकरण, बँकेचे कर्जअर्ज ही माझी रोजची कामं. माझ्या पक्षकारांपैकी काहींचे धंदे पाण्याच्या काठावर आहेत. कुणी तळ्याकाठी गिरमिट आणि मिरची भजी विकतं, कुणाचं बोटिंगच्या तिकीटघराशेजारी चहाचं दुकान आहे, कुणी केरे, म्हणजे तळी, ठेक्यानं घेऊन मासे सोडतं. पाणी बिघडलं की धंदा कसा बसतो, हे मी त्यांच्या रोजमेळात आकड्यांनी पाहिलं आहे.

त्यांतल्या एक अक्का. शेजारच्या तालुक्यातल्या तळ्यावर त्यांची गिरमिटाची गाडी होती. गाव वाढलं, नव्या वसाहतींचं सांडपाणी तळ्यात उतरू लागलं, वास सुटला, डास वाढले, पाण्यावर जलपर्णी पसरली. रविवारी मुलांना घेऊन येणारी कुटुंबं यायची थांबली. "काका, माझ्या भज्यांना कुणी नाव ठेवलं नाही, पण तिथं बसून खाववतच नाही हो लोकांना," असं त्या म्हणाल्या. त्यांचे अर्ज लिहिता लिहिता मी या विषयात उतरलो. त्या गावाचं आणि तिथल्या पालिकेचं नाव मी इथे घेत नाही, कारण हे दुखणं एका गावाचं नाही. हुबळी-धारवाड रस्त्यावरचा आमचा उणकल तलाव सांडपाण्यामुळे आणि जलपर्णीमुळे कितीदा बातम्यांत आला. कोल्हापूरकरांना पंचगंगेचं वेगळं सांगायला नको. जे शिकलो ते क्रमानं लिहितो.

1. आधी मालक शोधा.

तळं एकाचं, नाला दुसऱ्याचा, गटारवाहिनी तिसऱ्यानं टाकलेली आणि काठावरची जागा चौथ्यानं भाड्यानं दिलेली, अशी स्थिती बहुतेक ठिकाणी असते. कर्नाटकात तळं लघुपाटबंधारे खात्याचं, महसूल खात्याचं किंवा पालिकेचं असू शकतं. भुयारी गटाराचं काम पुष्कळदा राज्याच्या नगर पाणीपुरवठा आणि ड्रेनेज मंडळानं केलेलं असतं आणि नंतर ते पालिकेच्या ताब्यात जातं. पाण्याच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवण्याचं काम राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. तक्रारदाराला या कार्यालयांत फिरवत ठेवणं फार सोपं असतं. म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा करू नये, माहितीचा करावा. तळ्याची नोंद कुणाच्या नावे आहे, त्यात किती नाले उतरतात, प्रत्येक नाल्याची देखभाल कोणतं कार्यालय करतं, हे लेखी मिळवावं. मालक कागदावर आला की टोलवाटोलवी बरीच कमी होते.

2. पालिका स्वतःही प्रदूषक असते.

आपल्याला वाटतं, प्रदूषण करतो तो कारखाना आणि पालिका म्हणजे तक्रार ऐकणारी कचेरी. 1974 चा जल प्रदूषण कायदा असा भेद करत नाही. शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी पाण्यात सोडणं हेही प्रदूषणच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती 20,236 दशलक्ष लिटरवर. बाकीचं नाल्यांत, नद्यांत आणि तळ्यांत जातं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. पुढे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं मुदत चुकवणाऱ्या स्थानिक संस्थांना प्रत्येक नाल्यामागे महिना 5 लाख आणि प्रत्येक प्रकल्पामागे महिना 10 लाख रुपये भरपाईची तंबी दिली. अर्जात हे लिहिलं की तो विनंतीचा राहत नाही, कर्तव्याची आठवण करून देणारा होतो.

3. "निधी नाही" हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

अक्कांना हे उत्तर तोंडी मिळालं, लेखीही मिळालं. असा प्रसंग आला की मध्य प्रदेशातल्या रतलामचं नाव घ्यावं. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी उघड्या गटारांनी आणि मद्यार्काच्या कारखान्याच्या घाण पाण्यानं हैराण होऊन दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेनं पैसे नसल्याचं कारण पुढे केलं. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात ते फेटाळलं. लोकांचं आरोग्य राखणं हे पालिकेचं कायद्यानं ठरलेलं कर्तव्य आहे आणि रिकामी तिजोरी दाखवून ते टाळता येत नाही, असं निकालाचं सार. रहिवाशांनी वापरलेलं कलम होतं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 म्हणून आलं आहे. त्याखाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याकडच्या असिस्टंट कमिशनरांकडे, सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी अर्ज करता येतो. लहान धंदेवाल्याला घराजवळ मिळणारं हे दार आहे.

4. पोच नसलेली तक्रार झालीच नाही असं समजा.

कॉर्पोरेटरला भेटलो, साहेबांना फोन केला, याला पुढे काडीचीही किंमत उरत नाही. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का, इनवर्ड नंबर आणि तारीख, एवढं हवंच. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस, मग पहिलं अपील. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून प्रश्न नेमके हवेत. "प्रदूषणाबद्दल काय कारवाई केली?" असं विचारलं तर "आवश्यक कारवाई चालू आहे" असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारावं: अमुक तारखेच्या, अमुक इनवर्ड नंबरच्या अर्जावर पाहणी कुणी केली, त्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्या, गेल्या दोन आर्थिक वर्षांत या नाल्यावर किती खर्च झाला.

5. नमुना पहाटे घ्यायला लावा.

हे मला ठेक्यानं तळी घेणाऱ्या मत्स्यव्यावसायिकांनी शिकवलं. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री ते आणि बाकीचे जीव मिळून तो वापरतात. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि मासेही बहुधा त्याच वेळी मरतात. दुपारी घेतलेल्या नमुन्यात तेच पाणी बरं दिसू शकतं. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत मासेमारीला योग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 4 मिलिग्रॅम लागतो, तर आंघोळीच्या पाण्यात किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी 3 मिलिग्रॅमच्या आत. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणू जो ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. नमुना बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचला नाही तर आकडा बिघडतो. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारीला वजन देतो, पण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी कायद्यातल्या पद्धतीनं सीलबंद नमुना घ्यावा हा आग्रह सोडू नये. नमुना नाला तळ्यात उतरतो तिथला, तळ्याच्या मध्यावरचा आणि तुमच्या धंद्यासमोरचा, असा तिन्ही ठिकाणचा मागावा.

6. जलपर्णी काढली म्हणजे काम झालं असं मानू नका.

जेसीबी येतो, फोटो निघतात, तळं हिरव्याचं निळं होतं. काही महिन्यांत जलपर्णी परत येते. ती वाढते सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. नाल्याचं तोंड बंद न करता जलपर्णीवर खर्च करणं म्हणजे जनतेचा पैसा दरवर्षी त्याच पाण्यात घालणं. सांडपाणी अडवून प्रकल्पाकडे वळवण्याचं काम कोणत्या तारखेला पुरं होणार, याचं लेखी उत्तर मागा.

7. नुकसान सांगू नका, दाखवा.

माझ्या व्यवसायातला हा भाग, म्हणून थोडं ठासून सांगतो. पाण्याकाठचे बहुतेक धंदे रोखीचे असतात आणि वही नसते. मग नुकसान किती झालं, याला उत्तर नसतं. रोजची विक्री तारखेसह लिहा. पाणी बिघडण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं वर्ष शेजारी ठेवता आलं पाहिजे. माल खरेदीच्या पावत्या, गॅसची बिलं, यूपीआयचे उतारे जपा. तळ्याचे फोटो त्याच जागेवरून, तारखेसह काढा. विक्रेत्याचं ओळखपत्र, अन्नसुरक्षेची नोंदणी आणि जागेच्या भाड्याच्या पावत्या वेळच्या वेळी ठेवा, कारण समोरची बाजू पहिला प्रश्न तुमच्या परवान्यावरच काढते. फेब्रुवारी 2015 मध्ये हरित लवादाच्या पुण्याच्या पीठानं न्हावा-शेवा परिसरातल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी रुपयांवर भरपाई मंजूर केली. एका कुटुंबाला सुमारे 5 लाख 84 हजार. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्यासारख्या बलाढ्य संस्थांसमोर हे घडलं, कारण कुटुंबं किती आणि उत्पन्न किती बुडालं, हे लवादासमोर आकड्यांत मांडता आलं.

8. एकट्यानं लढू नका.

अक्का एकट्या होत्या तेव्हा त्यांची गाडीच हलवायची भाषा झाली. चहावाला, बोटवाले, मासे सोडणारे आणि खालच्या अंगाला त्याच पाण्यावर भाजी करणारे शेतकरी एका अर्जावर आले, तेव्हा पहिली पाहणी झाली. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये लवादाकडे गेली आणि जानेवारी 2022 च्या आदेशात उद्योगांवर आणि सामायिक प्रक्रिया केंद्रावर मिळून दीडशे कोटींहून अधिक भरपाई बसली. सहा वर्षं एका माणसाच्या खिशाला आणि धीराला झेपत नाहीत. समाजाला झेपतात.

9. दार आणि मुदत, दोन्ही चुकवू नका.

हरित लवादाचं पीठ कर्नाटकासाठी चेन्नईला आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याला. पर्यावरणाचा वाद मांडायला साधारण सहा महिन्यांची मुदत आहे, नुकसानभरपाई मागायला पाच वर्षांची. भरपाई मागितली नाही तर शुल्क 1,000 रुपये. मागितली तर मागणीच्या 1 टक्का, किमान 1,000. स्वतः उभं राहूनही बाजू मांडता येते. एक फरक मात्र नीट समजून घ्या. पालिकेवर बसणारी पर्यावरण भरपाई सुधारणेच्या कामासाठी सरकारी खात्यात जाते. तुमचं बुडालेलं उत्पन्न तुम्हाला हवं असेल तर ते 2010 च्या लवाद कायद्याच्या कलम 15 खाली वेगळं मागावं लागतं. न मागितलेलं मिळत नाही.

10. आदेश मिळाला की खरं काम सुरू होतं.

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला, आग लागली, देशभर चर्चा झाली. डिसेंबर 2018 मध्ये लवादानं राज्य सरकारला 50 कोटी आणि महानगरपालिकेला 25 कोटी भरायला लावले, 500 कोटी वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले आणि देखरेखीला न्यायमूर्ती संतोष हेगडे यांची समिती नेमली. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या गाजलेल्या तळ्यासाठी स्वतंत्र देखरेख लागते, तर तालुक्याच्या तळ्याकडे आपणहून कोण पाहणार? दर महिन्याला जाऊन काम किती झालं ते विचारा, उत्तर लेखी घ्या.

अक्कांच्या तळ्यावरचा मोठा नाला अखेर वळवला गेला. वास कमी झाला, रविवारची गर्दी काही प्रमाणात परतली. भरपाईचा एक रुपयाही त्यांना मिळाला नाही, कारण बिघाडाच्या आधीच्या वर्षाची विक्री कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून पाण्याकाठी धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: पाणी आज स्वच्छ असलं तरी वही आजच सुरू करा. आणि पालिकांत बसलेल्यांना एवढंच: तळ्यात सोडलेलं सांडपाणी कुणाच्या तरी ताटातली भाकरी काढून घेतं. त्याचा हिशेब देणं तुमचं कर्तव्य आहे, आणि तो मागणं आमचा हक्क.